दुधाचा दर सोयाने पाडलेला नाही

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. मथळे बदलतात, मजकूर तोच. सोया, बदाम, ओट यांचं ‘दूध’ आणि टोफू (सोयाचं पनीर) हे आपला दूधधंदा मोडण्याचं परदेशी कारस्थान आहे, दुधाचे दर त्यामुळेच पडले, सरकार या मालाला अनुदान देऊन पोसतंय, लोकांना फसवून तो ‘दूध’ म्हणून विकला जातोय आणि सोया खाल्ल्याने पुरुषांचं पौरुष जातं. आमचं घर लातूरकडचं. शिवारात सोयाबीन आहे, दावणीला जनावरंही आहेत. त्यामुळे हा मेसेज नुसता पुढे ढकलून देणं मला जमत नाही.

दराचं आधी बोलू, कारण राग तिथला आहे आणि तो खरा आहे. २०२३ च्या अखेरीपासून राज्यात गायीच्या दुधाला लिटरमागे २५ ते २७ रुपयांवर समाधान मानावं लागलं. त्याआधी जुलैमध्ये सरकारने ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक) दुधाला ३४ रुपये दर ठरवून दिला होता. तो कागदावरच राहिला. का? महाराष्ट्रातलं बरंचसं गायीचं दूध भुकटी आणि लोणी होऊन बाजारात जातं. जगात भुकटी-लोण्याचे भाव उतरले, इथल्या प्लांटांत साठे पडून राहिले आणि खरेदीदर कापले गेले. म्हणून तर सरकारला आधी लिटरला ५ रुपये आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७ रुपये अनुदान द्यावं लागलं. या सगळ्या साखळीत ओटचं पाकीट कुठे येतं? देशात २०२३-२४ मध्ये २३.९ कोटी टन दूध निघालं. शहरातल्या मॉलमध्ये एका फळीवर मांडलेल्या वनस्पतिजन्य पेयांनी एवढ्या दुधाचा बाजार पाडला, हे हिशेबात बसतच नाही. संकलन केंद्रावर फॅट कमी लावली जाते, पशुखाद्याचं पोतं महागतं, बिल लांबतं. दूधवाल्याचं नुकसान तिथे होतं. भांडायचं असेल तर तिथे भांडू, मीही सोबत आहे.

आता अनुदान. सप्टेंबर २०२५ पर्यंत सोया दुधाच्या पेयांवर १२ टक्के आणि बदाम-ओटच्या पेयांवर १८ टक्के जीएसटी होता. ताज्या दुधावर शून्य. २२ सप्टेंबर २०२५ पासून या पेयांचा कर ५ टक्क्यांवर आला, पण त्याच दिवशी यूएचटी (खूप तापवून टिकाऊ केलेलं) दूध आणि पाकीटबंद पनीर करातून पूर्ण सुटले. म्हणजे सवलतीनंतरही सोया दुधावर कर आहे, गायीच्या दुधावर नाही. दुसरीकडे पशुसंवर्धनाच्या पायाभूत सुविधा निधीची व्याप्ती २९,६१० कोटींची, मार्च २०२५ मध्ये वाढवलेलं राष्ट्रीय गोकुळ मिशन ३,४०० कोटींचं आणि दुग्धविकास कार्यक्रम २,७९० कोटींचा. हे दूधधंद्याला मिळतंय ते मिळायलाच हवं, माझी त्यावर अजिबात हरकत नाही. पण मग ‘सरकार सोयाला पोसतंय’ हे कुठून आलं? टोफूचं छोटं युनिट टाकणाऱ्या बचत गटाला सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, भांडवली अनुदान मिळू शकतं, तेही बँकेने कर्ज मंजूर केलं तर. तीच योजना पापड, लोणचं आणि मसाल्यालाही लागू आहे. केंद्राच्या ऑगस्ट २०२४ च्या बायोई३ या जैवतंत्रज्ञान धोरणात ‘स्मार्ट प्रोटीन’चा, म्हणजे नव्या पद्धतीने केलेल्या पर्यायी प्रथिनांचा, उल्लेख आहे, पण तो भर संशोधन आणि जैवउत्पादनावरचा आहे.

कारस्थानाच्या मुद्द्यावर मात्र मला जरा थांबायचंय. परदेशी म्हणतात ते पीक आपल्याच रानात उभं आहे. महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टरवर सोयाबीन असतं. ‘एमएसीएस’ नावाने येणारे वाण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, म्हणजे माल सगळा साध्या वाणांचा. तरीही त्याचा भाव माणसाच्या ताटावर ठरत नाही. शंभर किलो सोयाबीन गाळलं की अठराएक किलो तेल निघतं आणि ऐंशीच्या आसपास ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. तेलाचा भाव आयातशुल्कावर हलतो, ढेपेचा कोंबड्यांच्या खाद्यावर. २०२१ चा ऑगस्ट आठवून बघा. बाजार समितीत सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या आसपास गेलं होतं. कुक्कुटपालनाच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेली) सोया ढेप आयातीला परवानगी दिली आणि आमचा माल बाजारात यायच्या वेळी भाव ५,००० च्या घरात उतरला होता. तेलाच्या धोरणाचाही त्यात वाटा होता. पण परदेशी मालाचा फटका म्हणायचा तर तो हा होता, आणि तो कोंबडीखाद्यासाठी आला होता, टोफूसाठी नव्हे. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि आडतीवर सौदे ४,२०० च्या आसपास निघत होते. पोत्यात मॉइश्चर मीटरची सुई खुपसायची, ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की माल बाजूला, हे सोयाबीनवाल्याला सांगायला नको.

म्हणून माणसाच्या खाण्यात सोयाबीन जाणं हे शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे. आज हा वापर फार थोडा आहे, त्यामुळे उद्याच भाव वाढेल असं मी म्हणत नाही. पण तेल आणि ढेप या दोन गिऱ्हाइकांच्या जोडीला तिसरं गिऱ्हाईक उभं राहिलं तर घासाघीस करायला जागा मिळते. ते काम गावात होऊ शकतं. रात्रभर भिजवलेलं सोयाबीन हातावर चोळून साल काढायची आणि उकळत्या पाण्यातच वाटायचं. गार पाण्यात वाटलं तर तो कच्चट, हिरवट वास येतो आणि एकदा आलेला वास जात नाही. मग गाळून पुन्हा चांगलं उकळायचं, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच मरतो. किंचित थंड झाल्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सोडलं की दूध फाटतं, फडक्यात बांधून वजनाखाली ठेवलं की टोफू. किलोभर दाण्यातून दीड किलोच्या पुढे टोफू निघतो. गाळलेला चोथा जनावरांना जातो, ती आवडीने खातात. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने तर ‘एनआरसी १४२’ हा वाण याच वापरासाठी काढला आहे. त्यात पचनाला आडवा येणारा मुख्य घटकही नाही आणि वास आणणारं एक विकरही (एन्झाइम) नाही.

आणि ज्या खेडा जिल्ह्याच्या सहकारी दूध संघातून १९४६ साली अमूलची सुरुवात झाली, त्याच जिल्ह्यातल्या नडियादहून सप्टेंबर २०२२ मध्ये वनस्पतिजन्य मांसाची पहिली खेप अपेडा या शेतीमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियाला गेली. म्हणून तिथल्या गवळ्याचं दूध काही बंद झालं नाही.

फसवून विकण्याबद्दल: सप्टेंबर २०२१ मध्येच एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांवर ‘दूध’, ‘चीज’ असे शब्द वापरणारा माल ऑनलाइन विक्रीतून काढायला सांगितलं. नारळाच्या दुधाला सूट आहे, त्यामुळे सोलकढीला कुणी हात लावलेला नाही. व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीच नसलेल्या, पदार्थांचे वेगळे नियम २०२२ मध्ये आले, त्यांचं बोधचिन्हही ठरलं. लेबल चुकीचं असेल तर तक्रार करावी, नियम आपल्याच बाजूचा आहे.

पौरुषाचा मुद्दा लवकर संपवतो. २०२१ मध्ये ४१ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. सोयामुळे पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर किंवा इस्ट्रोजेनवर परिणाम होत नाही, हा त्याचा निष्कर्ष. खरी काळजी वेगळीकडे घ्यायची. तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी यातलं कुठलंही पेय देऊ नये. थायरॉइडची गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं. बदामाच्या पेयात प्रथिनं नावापुरतीच असतात, तेव्हा पैसे मोजण्याआधी पाकिटामागचा तक्ता वाचावा.

सरकारकडे मागायचंच असेल तर हे मागू या: पिवळ्या सोयाबीनला एकच हमीभाव आहे, खाण्यायोग्य वाणाला त्यावर वेगळी वाढ द्या, त्याचं बियाणं महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळामार्फत वेळेवर द्या, बचत गटाचा माल तपासायला प्रत्येक जिल्ह्यात परवडणारी प्रयोगशाळा द्या, आणि शाळेच्या पोषण आहारातली सोयाची खरेदी जवळच्या शेतकरी कंपनीकडून करा.