फ्लोरेन्समध्ये गाईड घेऊ नका म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही महिने एक मेसेज सगळ्या ट्रॅव्हल ग्रुपांवर फिरतोय, माझ्याकडे तर मावशीकडून, ऑफिसातून आणि सोसायटीच्या ग्रुपवरून असा तीनदा आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: इटलीतल्या फ्लोरेन्सला वॉकिंग टूरवर पैसे घालवू नका, सगळी कला रस्त्यावर फुकट बघायला मिळते, डेव्हिडचा पुतळा चौकातच उभाय. तिथल्या मोठ्या चर्चचा, म्हणजे कॅथेड्रलचा, घुमट कसा बांधला हे आजवर कुणालाच कळलेलं नाही, मग गाईड काय सांगणार. हे सगळं मेडिची नावाच्या एकाच श्रीमंत घराण्याने केलं, अर्ध्या दिवसात उरकतं, आणि आपल्या लोकांचा त्या गावाशी काही संबंध नाही.

मी मागच्या वर्षी आईला घेऊन गेले होते, तीन तासांची पायी टूर घेतली आणि त्यानंतर चार दिवस आम्ही दोघी तिथेच होतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेते.

सगळ्यात आधी "डेव्हिड चौकातच आहे" हे. चौकातला डेव्हिड कॉपी आहे हो! १९१० साली बसवलेली. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेला मूळ पुतळा १८७३ मध्येच तिथून हलवला, तो अकादेमिया गॅलरीत आहे, पाच मीटरपेक्षा उंच, आणि ज्या दगडातून तो काढला तो दगड आधी दुसऱ्या शिल्पकारांनी हात लावून सोडून दिलेला, कित्येक वर्षं पडून होता. बॅप्टिस्टरीच्या (म्हणजे कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीच्या) सोनेरी दरवाज्यापुढे सगळे सेल्फी काढतात तीही कॉपी, शिल्पकार गिबर्तीने सत्तावीसेक वर्षं खपून १४५२ मध्ये पूर्ण केलेले मूळ दरवाजे कॅथेड्रलच्या मागे म्युझियममध्ये आहेत. आणि कॅथेड्रलचा तो पांढरा-हिरवा-गुलाबी दर्शनी भाग, ज्याचे फोटो टाकून लोक खाली "रेनेसाँ" लिहितात, तो १८८७ मध्ये पूर्ण झालाय. एकोणिसाव्या शतकात! मला हे काहीच माहीत नव्हतं. टूर घेतली नसती तर मीही त्या भिंतीकडे बघून प्रबोधनकाळ बघितला म्हणत घरी आले असते.

म्हणजे रस्त्यावरचं बघूच नका असं मी म्हणत नाहीये, उलट रस्त्यावर बघितल्याशिवाय म्युझियममधलं नीट कळतच नाही, कारण वस्तू कुठल्या जागेसाठी केली होती यावर फार काही अवलंबून असतं. डेव्हिड मुळात कॅथेड्रलवर उंच बसवायचा म्हणून सांगितलेला होता, त्याचं डोकं आणि हात एवढे मोठे का याचं एक कारण अभ्यासक हेच देतात. मग तो तयार झाल्यावर कुठे ठेवायचा हे ठरवायला १५०४ च्या जानेवारीत बैठक बसली, त्यात लिओनार्दो दा विंची होता, चित्रकार बॉटिचेल्ली होता, आणि शेवटी पुतळा गेला त्याच चौकातल्या सरकारी वाड्याच्या दारात. आमच्या गाईडबाईंनी आम्हाला चौकात त्या कॉपीपुढे उभं केलं आणि विचारलं, बायबलमधल्या गोष्टीत राक्षसासारख्या गोलायथला मारणारा हा उघडा पोरगा सरकारच्या दाराशी हातात गोफण घेऊन उभा आहे, तो कुणाला इशारा देतोय? हे उत्तर मी पुढे मेडिचींच्या मुद्द्यात देते.

आता घुमट. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण "कुणालाच कळलं नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. ब्रुनेलेस्कीने तो १४२० ते १४३६ मध्ये बांधला, आतून रुंदी साधारण ४५ मीटर आणि सुरुवातच जमिनीपासून पन्नासेक मीटर उंचीवर. एरवी कमान किंवा घुमट बांधताना खालून लाकडाचा साचा उभारतात आणि त्यावर विटा रचतात, पण एवढ्या मोठ्या पोकळीत तसा साचा उभारायला लाकूड आणणार कुठून आणि त्याचं वजन पेलणार कोण, म्हणून त्याने साच्याशिवायच चढवायचं ठरवलं. कसं चढवलं हे बरंचसं माहीत आहे! घुमट एक नाही, दोन आहेत, एकात एक, मधे पोकळी. विटा माशाच्या काट्यासारख्या रचल्यात, म्हणजे आडव्या थरांच्या मधेमधे उभ्या विटा घालून थर अडकवून ठेवायचे, म्हणजे चुना सुकेपर्यंत आतल्या बाजूला कललेल्या विटा घसरून पडत नाहीत. घुमट बाहेरच्या बाजूला फाकू नये म्हणून दगडी आणि लाकडी कडी आतून फिरवलीयेत, पिंपाला पट्ट्या असतात ना तशी. माल वर चढवायला बैलांवर चालणारं यंत्र होतं आणि त्याचे दाते असे होते की बैल न वळवता ओझं वर किंवा खाली दोन्हीकडे नेता यायचं. काम कसं करायचं याचा १४२० सालचा लेखी मसुदा आजही उपलब्ध आहे. काही बारकाव्यांवर अभ्यासकांचे वाद आहेत ते आहेतच, पण वाद असणं आणि काहीच माहीत नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, कारण वर जायच्या ४६३ पायऱ्यांचा शेवटचा टप्पा त्या दोन घुमटांच्या मधूनच जातो. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती खाली थांबली, मी एकटी गेले, आणि त्या वाकलेल्या भिंतीला हात लावला तेव्हा उभी वीट कुठली आणि आडवी कुठली ते लगेच ओळखता आलं कारण आदल्या दिवशी गाईडबाईंनी वहीत काढून दाखवलं होतं. खाली आल्यावर मी आईला तेच चित्र टिश्यूपेपरवर काढून दाखवलं. ज्याने हा घुमट उभा केला तो मुळात सोनार होता, पोट भरायला नाही तर एक प्रश्न सुटत नव्हता म्हणून त्याने आयुष्यातली सोळा वर्षं घातली असं मला तरी वाटतं, आणि त्याला "रहस्य" म्हणून सोडून देणं म्हणजे त्याची मेहनत पुसून टाकणं आहे.

मेडिची. त्यांचं काम मोठं आहे यात शंकाच नाही. सान लोरेन्झो चर्चला त्यांचा पैसा, स्वतःचा वाडा त्यांचा, आणि त्या घराण्यातल्या शेवटच्या आना मारिया लुईझाने १७३७ मध्ये करार करून घेतला की घराण्याचा कलासंग्रह फ्लोरेन्सबाहेर जाणार नाही, त्या बाईचे उपकार तर प्रत्येक पर्यटकाने मानायला हवेत. पण "सगळं त्यांनीच केलं" हे चूक आहे. बॅप्टिस्टरीच्या दरवाज्यांसाठी १४०१ मध्ये स्पर्धा झाली ती कापड व्यापाऱ्यांच्या संघाने घेतली. कॅथेड्रलची जबाबदारी लोकरवाल्यांच्या संघाकडे. अनाथ मुलांसाठी १४१९ मध्ये सुरू झालेली ब्रुनेलेस्कीचीच इमारत रेशीमवाल्यांच्या पैशाने उभी राहिली, तिच्या कमानींवर निळ्या गोलात दुपट्यात गुंडाळलेली पांढरी बाळं आहेत, आई तिथून हलायलाच तयार नव्हती. आणि डेव्हिड? तो दारात उभा केला तेव्हा मेडिची शहरातून हाकलले गेले होते, १४९४ पासून तिथे प्रजासत्ताक होतं. तो इशारा कुणाला होता ते आता तुम्हीच बघा.

हा मुद्दा खरा समजतो तो ओर्सानमिकेलेपाशी, कॅथेड्रलहून चौकाकडे जाताना वाटेतच आहे आणि बहुतेक लोक आईस्क्रीम खात त्याच्या पुढून निघून जातात. एके काळचा धान्यबाजार. बाहेरच्या भिंतीत चौदा कोनाडे, जवळपास प्रत्येक कोनाडा एकेका धंद्याच्या संघाला वाटून दिलेला आणि त्यात आपापल्या संताचा पुतळा बसवायचा. श्रीमंत संघांनी ब्राँझचे केले, ते संगमरवरापेक्षा कितीतरी महाग. चिलखतवाल्यांनी डोनाटेलोकडून सेंट जॉर्ज करून घेतला. पण मला सगळ्यात आवडला तो पाथरवट आणि सुतारांचा कोनाडा, नान्नी दि बांकोने केलेला, वर चार संत आणि खाली पट्टीत चक्क कामावरची माणसं, एक भिंत रचतोय, एक छिद्र पाडतोय, एक मूर्ती घडवतोय. राजाराणी नाही, सरदार नाही, कामगारांनी स्वतःचं काम देवाच्या पायाशी कोरून घेतलंय. गणपती मंडळांची चढाओढ बघत मोठे झालेल्या आपल्याला ही गल्लीतली ईर्षा लगेच समजते असं मला वाटतं. (इथलेही मूळ पुतळे आत म्युझियममध्ये नेलेत, सेंट जॉर्ज बार्जेल्लो म्युझियममध्ये आहे.)

"गाईड फक्त गोष्टी सांगतात, गुगलवर सगळं आहे." गुगलवर आहे हे खरंच. पण ओर्सानमिकेले हे नावच माहीत नसेल तर सर्च काय करणार? आणि एक गोष्ट मेसेजवाल्याची मला मान्य आहे, चाळीस-पन्नास माणसांना झेंड्यामागे पळवायचं आणि मधे तासभर चामड्याच्या दुकानात बसवायचं अशा टूर असतात, आम्ही आधीच्या एका ट्रिपमध्ये दुसऱ्या शहरात ते भोगलंय, तशी असेल तर घेऊ नकाच. दहा-बारा जणांचा ग्रुप, लायसन्स असलेला गाईड, कानात इअरफोन, आणि आधी विचारून घ्या की दुकानात थांबणार का. तेही परवडत नसेल तर जायच्या आधी दोन संध्याकाळ वाचून जा आणि नकाशावर जागा मांडून घ्या, ते गाईडइतकंच चालेल. काहीच न करता जाऊन "काही खास नाही" असं मात्र म्हणू नका.

अर्धा दिवस? मधलं शहर छोटं आहे, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जाता येतं, त्यामुळे पायाने अर्ध्या दिवसात होईलही. पण उफ्फीझी या मोठ्या चित्रसंग्रहालयाला एकट्यालाच अर्धा दिवस जातो. आणि सोमवारी उफ्फीझी, अकादेमिया दोन्ही बंद, हे त्या मेसेजमध्ये लिहिलं असतं तर लोकांचं खरंच भलं झालं असतं. घुमटावर चढायला आधी वेळ बुक करावी लागते हेही.

शेवटचा मुद्दा, आपला काही संबंध नाही म्हणे. कोल्हापूरकरांना विचारा! कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परत येताना १८७० च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरेन्समध्येच वारले, वय जेमतेम वीस. आर्नो नदीला जिथे मुन्योने नावाची छोटी नदी मिळते त्या संगमावर त्यांना अग्नी दिला, हिंदू रीतीने, परक्या मुलखात. कास्चिने बागेच्या पार पश्चिमेच्या टोकाला छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, १८७४ चा, आणि जवळच्या मोठ्या पुलाला तिथले लोक "पोन्ते अल्ल इंदियानो" म्हणतात, म्हणजे त्या हिंदी माणसाचा पूल. हे कुठल्याच वॉकिंग टूरमध्ये नसतं, लांब पडतं. आम्ही शेवटच्या दिवशी बागेतून निवांत चालत, बाकांवर बसत बसत गेलो. आईने पर्समधून रुमाल काढून चौथऱ्यावरची वाळकी पानं झटकली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली, तिचं माहेर कोल्हापूरचं.