पार्किंगमधला कूलर

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना पडली: ‘पार्किंगमधील वॉटर कूलर फक्त रहिवाशांसाठी आहे. डिलिव्हरी बॉइज व इतर बाहेरील व्यक्तींना पाणी भरू देऊ नये. वॉचमनने लक्ष ठेवावे.’ खाली अंगठ्यांची रांग. पुण्यात एप्रिलचं ऊन नुसतं भाजून काढतंय आणि यांना कूलरची राखण सुचतेय. निमित्त काय, तर काल सायकलवरून पार्सल घेऊन आलेल्या एका पोरानं बाटली भरून घेतली. एक बाटली!

मी मनाली-लेह सायकलनं केलं ते तुम्हाला माहीत आहे. याच ग्रुपवर ‘प्राउड ऑफ यू’चा पाऊस पडला होता. फोटोत जे नव्हतं ते आज सांगते.

त्या वाटेवरचा झिंगझिंगबारचा मुक्काम सोडला की बारालाचा खिंडीची चढण लागते. खिंड जवळजवळ 4,890 मीटरवर. चार पॅडल मारली की छाती भात्यासारखी हलते. त्यात तिथले नाले. सकाळी घोटाभर पाणी असतं, दुपारी उन्हानं बर्फ वितळला की तेच गुडघ्यापर्यंत येतं. पंक्चरनं खोळंबा केलेला, त्यामुळे मी पोचले ती नेमकी दुपारी. मधोमध पाय सटकला, बूट-मोजे चिंब, वरून गारा सुरू. बोटं अशी बधिर झाली की ब्रेक दाबला जातोय की नाही तेही कळेना.

पलीकडे रस्त्याचं काम करणारे मजूर होते. दुमक्याचे, झारखंडचे. दोघं न बोलता पाण्यात उतरले, सामानासकट सायकल उचलून घेऊन गेले. डांबराची पिंपं फाडून, ठोकून सपाट केलेल्या पत्र्यांचं त्यांचं खोपट होतं, त्यात मला बसवलं. “दीदी, पहले जूता उतारो.” भात आणि आलूचोखा, म्हणजे कुस्करलेला बटाटा, पुढ्यात आला. त्यांच्या रात्रीच्या जेवणातला होता, हे पातेल्याकडे बघून कळत होतं.

बरं, ग्रुपवरचा युक्तिवाद काय, तर सिक्युरिटी. चोऱ्या होतात, मान्य. बाटलीभर पाण्यानं होत नाहीत. आणि त्या मजुरांनी मला आधार कार्ड मागितलं नव्हतं.

हो, त्या रस्त्यावर सगळे देवमाणूस भेटले असंही नाही. एका ढाब्यावर मॅगीचे दुप्पट पैसे घेतले माझ्याकडून, वर उर्मटपणा फुकट. आणि शहरातली बाई, हेल्मेट, महागडी सायकल, दुसऱ्या दिवशी निघून जाणारी, अशा पाहुणीशी चांगलं वागणं सोपं असतं, हेही खरं. पण मग आपल्याला ते सोपंसुद्धा का जमत नाही? हा पोरगा तर दोन मिनिटांत निघून जाणार होता!

लिहिता लिहिता ते खोपट परत डोळ्यांपुढे येतंय. निघताना त्यांच्यातला वयस्क माणूस ब्रेडच्या दोन रिकाम्या पिशव्या घेऊन आला. माझ्या कोरड्या मोज्यांवर त्यानं त्या चढवल्या, वरून ओले बूट घालायला लावले. त्याच्या स्वतःच्या गमबुटांतूनही तसलंच प्लॅस्टिक डोकावत होतं. मी पैसे काढले तर हात झटकला. मग जरा ओशाळून विचारलं, डोकेदुखीची गोळी आहे का? एवढ्या उंचीवर अख्खा हंगाम घण मारायचा आणि क्रोसिनसाठी येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड बघायचं. होती ती पट्टी देऊन टाकली. खिंडीपलीकडच्या सरचूच्या मुक्कामापर्यंत पाय कोरडे राहिले माझे.

2020 च्या मे अखेरीस लॉकडाउनमध्ये अडकलेल्या झारखंडच्या 60 मजुरांना लेहहून विमानानं रांचीला नेलं, तेव्हा कुठे पेपरात आलं की लडाखचे रस्ते कोण बांधतं. आपण त्याच रस्त्यांवर रील काढतो.

असो. ग्रुपवर मी दोनच ओळी लिहिल्यात, कूलरच्या वीजबिलात माझेही पैसे आहेत म्हणून. अजून कुणाचं उत्तर नाही.

आणि इनबॉक्समध्ये मनाली-लेहचा प्लॅन, टायर, गिअर विचारणाऱ्यांनो, सगळं सांगेन. फक्त पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलला लटकवायच्या पिशवीत, क्रोसिनच्या आणि ओआरएसच्या जास्तीच्या पुड्या-पट्ट्या टाका, आणि बारालाचाच्या अलीकडे मजूर दिसले की सायकलवरून उतरून बोला. फोटो नंतर.