‘कॉलेजातला पहिला कॉम्प्युटर कोर्स म्हणजे वाया गेलेलं सत्र’: या संदेशात खरं किती, खोटं किती

प्रवेशाच्या दिवसांत हमखास फिरणारा एक संदेश आहे. त्याचा मथितार्थ असा: कॉलेजातला कॉम्प्युटरचा पहिला कोर्स हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. सीसारखी मेलेली भाषा शिकवतात. कागदावर कोड लिहून घेतात. बायनरीची गणितं घालतात, जी पुढे कुणी करत नाही. वेबसाइट आता ड्रॅग अँड ड्रॉपनं होते, मग एचटीएमएल कशाला? कोड तर एआय लिहून देतो. आणि ज्यांचं गणित कच्चं आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये.

संदेश इतका पसरतो, कारण त्यातलं बरंच काही अर्धं खरं आहे. राग येतो तो चुकीच्या शिकवण्याचा, आणि बोल लागतो विषयाला. एकेक मुद्दा घेऊ.

‘सी ही मेलेली भाषा आहे’

जुनी आहे, यात वाद नाही. डेनिस रिची यांनी ती बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली. पण लिनक्सचा गाभा आजही मुख्यतः सीमध्येच आहे. जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये बसलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस सीमध्ये आहे. ज्या पायथनचं नाव घेऊन सीला मोडीत काढलं जातं, त्याचा प्रमाण इंटरप्रिटरही सीमध्येच लिहिलेला आहे.

मेलेलं काही असेल, तर ते टर्बो सी. डॉसच्या काळातला हा कंपाइलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम) काही लॅबमधून अजून हललेला नाही आणि विद्यार्थी त्यालाच ‘सी’ समजतात. त्यात पूर्णांक ठेवणारा ‘इंट’ हा प्रकार २ बाइटांचा, म्हणजे सर्वांत मोठी संख्या ३२७६७. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचा) साधा प्रोग्रॅम ७ पर्यंत बरोबर चालतो. ८ दिला की ४०३२० ऐवजी −२५२१६ छापतो. आजच्या कंपाइलरवर ‘इंट’ सहसा ४ बाइटांचा असतो, त्यामुळे १२ पर्यंत उत्तर ठीक येतं. १३ ला मात्र खरं उत्तर ६२२७०२०८०० आणि पडद्यावर सहसा १९३२०५३५०४. ‘सहसा’ म्हणायचं कारण, चिन्हांकित पूर्णांक ओसंडला तर काय व्हावं हे सीचं प्रमाण ठरवून देतच नाही. या दोन चुकांपैकी दुसरी जास्त घातक. उणे चिन्ह डोळ्याला खुपतं तरी. दुसरी संख्या दिसायला अगदी फॅक्टोरियलसारखी असते आणि जर्नलमध्ये तशीच उतरते.

इनपुटमधली ओळ वाचणाऱ्या ‘गेट्स’ या फंक्शनचंही तेच. समोरच्या अॅरेत जागा किती आहे हे त्याला सांगायची सोयच नाही, म्हणून २०११ च्या प्रमाणातून ते काढून टाकलं गेलं. तरी नोट्समध्ये ते सापडतं. यावर उपाय सोपा आहे: जीसीसी किंवा क्लँग हे आजचे कंपाइलर वापरा आणि कंपाइल करताना ‘डब्ल्यू-ऑल’ व ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हे पर्याय कायम चालू ठेवा. ‘इफ’मध्ये == च्या जागी पडलेलं =, इनपुट वाचणाऱ्या ‘स्कॅनएफ’मध्ये विसरलेलं &, आणि बऱ्याचदा किंमत न देता वापरलेलं व्हेरिएबलसुद्धा, प्रोग्रॅम चालवण्याआधीच पकडलं जातं. पहिल्या सत्रातला निम्मा वैताग इथेच संपतो.

कोर्स पायथननं सुरू होत असेल तर त्यातही वावगं काही नाही. पायथनमधला पूर्णांक लागेल तेवढा वाढतो, १३ चं फॅक्टोरियल बिनचूक येतं. पण खाचखळगे तिथेही आहेतच. ‘इनपुट’ नेहमी मजकूर परत देतं, त्यामुळे ५ आणि ५ यांची बेरीज ५५ येते. आधी ‘इंट’मध्ये बदलून घ्यावं लागतं. एका लिस्टचं नाव दुसऱ्या नावाला दिलं आणि दुसऱ्या नावानं त्यात एक घटक घातला, तर पहिल्या नावाखालीही तो दिसतो, कारण लिस्ट एकच आहे, नावं दोन. ज्यानं सीमध्ये मेमरीतला पत्ता आणि तो ठेवणारा पॉइंटर पाहिलाय त्याला हे पटकन कळतं. बाकीच्यांना वाटतं, पायथन बिघडला. हार्वर्डचा सीएस५० हा प्रसिद्ध कोर्स आधी स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा), मग काही आठवडे सी आणि नंतर पायथन असा क्रम ठेवतो, त्यामागे हाच हिशेब दिसतो.

‘कागदावर कोड लिहायला लावतात’

सेमीकोलन राहिला म्हणून अर्धा मार्क कापणं हा खरोखर मूर्खपणा आहे. ते काम कंपाइलर एका क्षणात करतो. पण ड्राय रन, म्हणजे मशीनशिवाय एकेक ओळ स्वतः चालवून पाहणं, ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती कागदावरच होते. तक्ता आखा: प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, अटीला एक, आउटपुटला एक. अट जितक्या वेळा तपासली जाईल तितक्या ओळी.

आता १ ते ५ ची बेरीज करणारा ‘फॉर’ लूप घ्या आणि त्याच्या कंसानंतर चुकून सेमीकोलन (;) पडला असं समजा. कंपाइलरच्या लेखी हा कोड वैध आहे. उत्तर १५ ऐवजी ६ येतं. पडद्याकडे कितीही वेळ बघत बसलं तरी हे ६ कुठून आलं ते कळत नाही. तक्त्यात लगेच कळतं. पाच फेऱ्यांच्या लूपची अट सहा वेळा तपासली जाते. सहाव्या वेळी ती खोटी ठरते तेव्हा मोजणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ६ असतो. लूपचं अंग रिकामं होतं, कारण ते त्या सेमीकोलनवरच संपलं. बेरजेची ओळ लूपबाहेर पडली, एकदाच चालली आणि ० मध्ये ६ मिळवून मोकळी झाली.

असाच एक नेहमीचा गोंधळ: आधी संख्या, मग एक अक्षर वाचायचं असतं, आणि प्रोग्रॅम अक्षरासाठी थांबतच नाही. संख्येनंतर दाबलेल्या एंटरचं चिन्ह इनपुटमध्ये पडून राहिलेलं असतं, पुढचा ‘स्कॅनएफ’ तेच अक्षर म्हणून उचलतो. % च्या आधी एक रिकामी जागा सोडली की ते वगळलं जातं.

‘बायनरी पुढे कुणाला लागत नाही’

हातानं बायनरीतून दशमानात रूपांतरं करत बसायची वेळ नोकरीत सहसा येत नाही, हे मान्य. परीक्षेत तशीच गणितं भरणं हा आळशीपणा आहे. पण संख्या आणि मजकूर आत कसे साठवले जातात हे माहीत नसेल, तर ज्या चुका होतात त्या पुढे आयुष्यभर छळतात.

पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करा. उत्तर ०.३ येत नाही; ०.३ नंतर पंधरा शून्यं आणि मग ४ येतो. दशमानात १ भागिले ३ जसं कधी संपत नाही, तसं बायनरीत ०.१ कधी संपत नाही. ०.५ आणि ०.२५ अचूक बसतात, ०.१ कुठेतरी कापावाच लागतो. म्हणून दोन दशांश संख्यांची == नं तुलना करू नये, फरक अगदी लहान आहे का ते पाहावं. पैशाची रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून ठेवावी.

मजकुराचं उदाहरण मराठी वाचकाला जास्त जवळचं. ‘मराठी’ हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणतो. पायथनला त्याची लांबी विचारा: ५. कारण म, र, काना, ठ आणि वेलांटी ही युनिकोडमधली पाच स्वतंत्र चिन्हं आहेत. सीमध्ये, मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीनं बाइटांत साठवलेला असताना, लांबी मोजणाऱ्या ‘स्ट्रलेन’ला विचारा: १५. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. शेवटच्या शून्यासाठी एक बाइट धरून अॅरे किमान १६ चा हवा. आता एखाद्यानं नावाचा रकाना १० बाइटांवर छाटला तर म, र आणि काना पूर्ण येतात, ठ चा एकच बाइट उरतो, आणि पडद्यावर दिसतं ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. देवनागरी नावांची अशी चिरफाड सगळ्यांनीच पाहिलेली असते. ती करणाऱ्यानं ‘बायनरी कशाला हवी’ असंच म्हटलं असणार!

‘वेबसाइट ड्रॅग अँड ड्रॉपनं होते’

होते की. एका पानाची माहितीपत्रकासारखी साइट हवी असेल तर त्याहून जास्त काही शिकायचीही गरज नाही. प्रश्न सुरू होतो तो पान मोडल्यावर.

६०० पिक्सेल रुंद जागेत ३०० चे दोन चौकोन शेजारी-शेजारी बसायला हवेत. बसत नाहीत, दुसरा खाली घसरतो. पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये, वेगळं काही सांगितलं नसेल तर, रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. त्यात दोन्ही बाजूंचं २० पिक्सेल पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) आणि १ पिक्सेलची बॉर्डर मिळवा: ३०० अधिक ४० अधिक २, म्हणजे ३४२. दोघांना ६८४ लागतात. ‘बॉक्स-सायझिंग’ला ‘बॉर्डर-बॉक्स’ ही किंमत दिली की पॅडिंग आणि बॉर्डर ३०० च्या आतच मोजली जातात. हे ठाऊक नसलेला माणूस २९०, २८०, २७० असे आकडे घालून पाहत संध्याकाळ घालवतो.

मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात? ‘व्ह्यूपोर्ट’चा मेटा टॅग राहिलाय; तो नसला की मोबाइलचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद समजून सगळं आक्रसतो. आपल्या मशीनवर दिसणारा फोटो सर्व्हरवर गायब? फाइलच्या नावात कॅपिटल अक्षरं आहेत आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला त्यानं फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. मराठी मजकुराच्या जागी चित्रविचित्र रोमन अक्षरं आली तर ‘कॅरसेट’ यूटीएफ-८ लिहिलाय का ते बघा, आणि फाइलसुद्धा त्याच रूपात सेव्ह केलीय का तेही.

नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका तर ड्रॅग अँड ड्रॉपचा बिल्डर राजरोस होऊ देतो. पांढऱ्यावर करडी अक्षरं सगळ्यांना आवडतात. सुगम्यतेचं प्रमाण साध्या मजकुराला ४.५ ला १ इतकं कॉन्ट्रास्ट मागतं. रंगाच्या कोडमधले सहाच्या सहा अंक ७ असलेला करडा (#777777) पांढऱ्यावर ४.४८ देतो, म्हणजे थोडक्यात नापास. ७६ ची जोडी तीनदा लिहिली (#767676) की पास. ‘डिव्ह’ला रंग देऊन बटण बनवलं तर माउसनं चालतं, टॅब की दाबून तिथे पोचताच येत नाही. ‘बटन’ हा टॅग त्यासाठीच आहे.

इथेही संदेशातलं अर्धं सत्य मान्य करायला हवं. ‘फाँट’, ‘सेंटर’, ‘मार्की’ आणि फ्रेमसेट शिकवणारा वेब डिझाइनचा कोर्स खरंच वाया आहे. हे टॅग सध्याच्या प्रमाणातून बाद आहेत; ब्राउझर जुन्या पानांसाठी ते अजून दाखवतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मांडणी टेबलांवर शिकवत असतील तर सीएसएसमधल्या फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या मांडणीच्या पद्धती आपल्या आपण शिका. ग्रिड २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे.

‘आता कोड एआय लिहितो’

लिहितो, आणि पहिल्या सत्राचे प्रोग्रॅम तर उत्तम लिहितो. पण मागितलेलं बरोबर आलं का हे कुणी पाहायचं? सरासरी काढणारं फंक्शन मागा आणि रिकामी लिस्ट देऊन पाहा. शून्यानं भागाकाराची तरतूद असेलच असं नाही. डेटाबेसमध्ये नाव शोधणारा कोड मागा आणि नाव थेट क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) मजकुरात जोडलंय का ते बघा. जोडलं असेल तर नावातल्या एका अवतरणचिन्हानं क्वेरी मोडते, आणि कुणी मुद्दाम लिहिलेला मजकूर डेटाबेसकडून हवं ते करून घेतो. क्वेरीत नुसती जागा (प्लेसहोल्डर) सोडून किंमत स्वतंत्र पाठवायची असते. कधी कधी तर अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं नावही खुशाल दिलं जातं.

चुका तज्ज्ञांच्याही होतात. जावाच्या प्रमाण लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमानं लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधण्याच्या पद्धतीत) मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून २ नं भागलं होतं. अॅरे एक अब्जाहून मोठा झाला की ती बेरीज ओसंडून उणे होते. ही चूक २००६ मध्ये जाहीर झाली, तोवर कित्येक वर्षं ती तिथे होती. हा वर सांगितलेल्या १३ च्या फॅक्टोरियलचाच आजार आहे. एआयनं दिलेल्या कोडमध्ये तो असेल, तर ज्यानं आधी तो पाहिलाय त्याच्याच नजरेला पडेल.

शिकताना एआय जरूर वापरा, पण दिलेला कोड चालवण्याआधी आउटपुट काय येईल ते लिहून ठेवा. चालवल्यावर जिथे जुळलं नाही, तेवढीच ओळ समजून घ्यायची असते.

‘गणित कच्चं असेल तर या वाटेला जाऊ नका’

बेसिक ही भाषा जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात आणली ती मुख्यतः विज्ञान आणि गणित न घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. पहिल्या कोर्सला लागतं ते बाकी काढणं, लहान-मोठं ठरवणं आणि ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचा नेमका अर्थ. मुलं अडतात ती इथेच, आणि गणितात चांगले गुण असलेलीही अडतात. वय १८ ते ६० च्या बाहेर आहे का हे तपासायला ‘१८ पेक्षा कमी आणि ६० पेक्षा जास्त’ असं लिहिलं तर ती अट कधीच खरी होत नाही. तिथे ‘किंवा’ हवं. उलट, वय मधे आहे का हे पाहायला सीमध्ये वहीतल्यासारखं १८ <= वय <= ६० लिहिलं तर अट नेहमीच खरी निघते: पहिल्या तुलनेचं उत्तर ० किंवा १ असतं आणि ते दोन्ही ६० पेक्षा लहानच. सीमध्ये दोन तुलना वेगळ्या लिहून मधे && घालावं लागतं. पायथनमध्ये तीच ओळ जशीच्या तशी बरोबर चालते.