गळती थांबवल्याने जुनी पाणीयोजना नवी होत नाही

लहान शहरांच्या जुन्या पाणीयोजनांविषयी एक विधान मोठ्या आवडीने पुढे पाठवले जाते: ‘गळती थांबवा, थकबाकी वसूल करा, उरलेले पैसे सरकार देईल, आजवर चालले तसे पुढेही चालेल, कर्ज आणि दरवाढ ही ठेकेदारांची सोय आहे.’ यातील प्रत्येक तुकडा सुटा घेतला तर रास्त वाटतो, म्हणून तो सुटाच तपासायला हवा.

गळती बुजवलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यातून मुख्यतः पंपांच्या विजेचा आणि तुरटी-क्लोरीनचा खर्च वाचतो. कर्मचाऱ्यांचे वेतन, टाक्या, शुद्धीकरण केंद्र आणि जमिनीखालच्या वाहिन्या यांवरचा खर्च पाणी कमी उपसले म्हणून घटत नाही, आणि लहान शहरात तो मोजक्याच नळजोडण्यांवर वाटला जात असल्याने दरडोई भार अधिक पडतो. शिवाय वाहिनीच गंजलेली असेल तर एक छिद्र बुजवल्यावर आतला दाब वाढतो आणि शेजारचा कमकुवत जोड फुटतो. जेथे ठरावीक तासच पाणी सोडले जाते, तेथे पुरवठा बंद होताच दाब उतरतो व ज्या भेगेतून पाणी बाहेर जात होते, तिच्यातूनच भोवतालचे सांडपाणी आत शिरू शकते. अशा वाहिनीला ठिगळे लावत राहणे ही काटकसर नव्हे.

थकबाकीचे उत्तर सोपे आहे. ती वसूल झाली पाहिजेच, पण ती रक्कम एकदाच हाती येते. चालू पाणीपट्टीतून चालू खर्चही भागत नसेल तर तूट पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहते.

अनुदानावरचा विश्वास अधिक घातक आहे. अनुदान प्रायः बांधकामासाठी मिळते, तेही अनेकदा स्थानिक हिस्सा भरण्याच्या अटीवर. योजना सुरू झाल्यानंतरचे वीजबिल, व्हॉल्व्हची दुरुस्ती आणि पंप बदलण्याचा खर्च त्यात सहसा नसतो, आणि देखभालीवाचून नवी योजनाही लवकरच जुनी होते.

‘आजवर चालले’ या युक्तिवादाला कॅनडातील वॉकर्टन हे उत्तर आहे. सुमारे पाच हजार वस्तीच्या या गावात मे २००० मध्ये शेणखतातील जिवाणू पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरले. सात जण दगावले आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडले. क्लोरीनच्या नोंदींत कर्मचाऱ्यांनी केलेली लबाडी चौकशीत उघड झाली, हे खरे. परंतु त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी उपकरणे असती तर ही साथ टळली असती, असाही चौकशीचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील फ्लिंट येथे तर २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठीच पाण्याचा स्रोत बदलला गेला आणि गंजरोधक प्रक्रिया न केल्याने जुन्या वाहिन्यांतील शिसे नळापर्यंत पोहोचले.

राहिला कर्जाचा आक्षेप. चांगल्या प्रतीची वाहिनी पन्नास वर्षे किंवा त्याहूनही अधिक टिकते. तिची संपूर्ण किंमत आजच्याच रहिवाशांकडून घेणे अन्यायाचे आहे, आणि तिचे काम लांबवून सडलेले जाळे पुढच्यांच्या गळ्यात घालणे त्याहून अन्यायाचे. वीस-तीस वर्षांत फेडायचे कर्ज हा भार वापरणाऱ्यांमध्ये वाटते. दरवाढीत पहिला आवश्यक वापर स्वस्त ठेवून पुढील वापरास चढा दर लावता येतो. मात्र त्यासाठी मीटर हवेत, आणि एकाच नळावर अनेक कुटुंबे असतील तर चढा दर त्यांनाच बोचू नये, याची दक्षता हवी. पुरवठा कोसळल्यावर टँकरचे महाग पाणी विकत घेण्याची वेळ बहुधा गरिबांवरच येते, हे दरवाढीचे विरोधक मोजत नाहीत.

ठेकेदारांविषयीचा संशय मात्र निराधार म्हणता येत नाही. सगळेच जाळे एकदम उखडण्याचा प्रस्ताव आला तर कोणती वाहिनी किती वेळा फुटली, याची नोंद आधी मागावी, कारण केवळ वय झाले म्हणून प्रत्येक वाहिनी बाद होत नाही. पाणीपट्टीचे स्वतंत्र खाते, निविदांची खुली माहिती आणि कामाची त्रयस्थ तपासणी या अटी कर्जाच्या ठरावातच लिहून घेता येतात.