हेडर बसवल्याने मायलेज वाढते, या दाव्याबाबत खुलासा

"एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून बाजारातला हेडर बसवा, ताकद आणि मायलेज दोन्ही वाढतील," असा संदेश इंदूरच्या मराठी गाडीमालकांमध्ये फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र करून बाहेर नेणारा कंपनीचा मूळ भाग; हेडर म्हणजे त्याच्या जागी बसवायचा, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असलेला भाग. हेडरच्या स्वतंत्र नळ्यांमुळे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही, हे खरे. परंतु हा लाभ मुख्यतः वरच्या आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे जास्त असताना) मिळतो, आणि शहरातल्या राजवाडा भागाच्या गर्दीत इंजिन तिथवर क्वचितच पोहोचते. त्याहून गंभीर बाब अशी की, अनेक बीएस-६ (भारतातील प्रदूषण मानक) पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग, मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो; तो निघाल्यास कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू थेट आपल्याच वस्तीत सोडले जातात. शिवाय उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते.