नायक अजिंक्य आहे, मग आम्ही घाबरायचं कशाला?

आज आणखी एक फँटसी मालिका तिसऱ्या भागात सोडून दिली. नायकाला एका रात्रीत सगळ्या सिद्धी प्राप्त, मग हात उचलला की शत्रू भस्म. पुढच्या भागात शत्रू दुप्पट मोठा, त्याच्या पुढच्यात चौपट. अरे, आकडा फुगवून वाचकाचा जीव टांगणीला लागत नसतो!

लगेच कोणीतरी म्हणणार, नायकाची ताकद कमी करा. का म्हणून? द्रोणपर्वातल्या अर्जुनाला काय कमी आहे? हातात गांडीव, सारथी कृष्ण. तरी युद्धाचा 14वा दिवस वाचताना छाती धडधडते. कारण प्रतिज्ञेला मुदत आहे: सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारेन, नाहीतर अग्निप्रवेश करेन. द्रोण जयद्रथाला व्यूहाच्या पार मागच्या टोकाला ठेवतात. त्यांच्याशीच लढत बसला तर दिवस संपला, म्हणून अर्जुन गुरूंना प्रदक्षिणा घालून पुढे निघतो. वाटेत घोडे थकतात, अंगात बाण रुतलेले. अस्त्राने जमिनीतून पाणी काढता येतं, पण थांबावं लागतंच, आणि सूर्य थांबत नाही.

त्यात जयद्रथाच्या बापाचा, वृद्धक्षत्राचा वर: ज्याच्या हातून हे मस्तक जमिनीवर पडेल, त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील. म्हणजे नुसता नेम लागून भागत नाही. ते शीर बाणांवर झेलत संध्या करत बसलेल्या वृद्धक्षत्राच्याच मांडीवर नेऊन टाकावं लागतं. हा वर कृष्ण ऐनवेळी सांगतो, हे मान्य. आज लिहिणाऱ्याने तो शंभर पानं आधी पेरावा. शक्ती किती वेळा चालते, कुठे चालत नाही, तिची किंमत कोण मोजतो, हे पहिल्या लढाईआधीच वाचकाला ठाऊक हवं.

काहींना नुसतं जिंकणं बघायला आवडतं. आवडू दे.

मला मात्र त्याच रात्रीचा घटोत्कच आठवतो. कर्णाकडची इंद्राची शक्ती एकदाच चालणारी, अर्जुनासाठी राखलेली. घटोत्कच सेना तुडवत सुटतो, कौरव टाहो फोडतात, आणि कर्णाला ती त्याच्यावर सोडावी लागते. अर्जुन वाचतो, भीमाचा मुलगा जातो. कितीही वेळा वाचलं तरी इथे गलबलतं. एवढा बलाढ्य नायक, आणि त्याच्या वाटचं मरण पुतण्याने घेतलं!

असे नियम शेवटपर्यंत पाळणारी मराठी फँटसी कोणी वाचली असेल तर खाली नाव लिहा. मला खरंच वाचायची आहे.