सगळ्या वॉर्डाचा श्वास वीस

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात घेऊन जाणं ही माझी नोकरी आहे आणि सकाळचा टीपीआरचा तक्ता वाचणं ही त्या नोकरीतली शिक्षा. टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास. त्याच्या शेपटीला बीपी. तक्ता उघडला की पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत आनंदीआनंद असतो: ताप ९८.६, नाडी ७२, श्वास २०, बीपी १२०/८०. इतकी ठणठणीत माणसं दवाखान्यात भरती कशाला झाली, हा प्रश्न लिहिणारीला पडत नाही. लिहिणाऱ्यालाही नाही, हल्ली मुलगेही असतात. खिडकीजवळच्या खाटेवर न्यूमोनियाचे आजोबा दोन उशांना टेकून, खांदे उडवत धापा टाकताहेत. कागदावर त्यांचाही श्वास वीस.

आकडा खरा की बसल्या जागी रचलेला, हे ओळखायला पेशंटपर्यंत जावंही लागत नाही. रचलेला आकडा आपली चहाडी आपणच करतो.

बीपीचंच घ्या. पाऱ्याचं यंत्र असो की घड्याळासारखी तबकडी असलेलं, त्यावरची प्रत्येक बारीक रेघ दोन मिलिमीटरची असते. म्हणजे या यंत्रावर विषम आकडा येऊच शकत नाही. तरी तक्त्यात १२७/८३ दिसतं. 'अगदी अचूक वाटावं' म्हणून एवढी मेहनत घेतलेली असते आणि तीच नडते. उलट टोकाला सगळे आकडे शून्यावर संपणारे: १३०/८०, १४०/९०, ११०/७०. देवानं माणसांचा रक्तदाब दहा-दहाच्या गड्ड्या बांधून वाटलेला नाही. डिजिटल यंत्र असेल तर १२७ येऊ शकतं, मान्य. पण वॉर्डातल्या डिजिटल यंत्राचे सेल कधी संपले, हे मला ठाऊक असतं.

नाडीची चहाडी पाढ्यातून होते. पंधरा सेकंद मोजायची आणि चारनं गुणायचं, ही सवय कुठल्या सीनियरकडून येते कोण जाणे, पण दर वर्षी येते. मग सगळा वॉर्ड चारच्या पाढ्यात बसतो: ६८, ७२, ७६, ८०. यात एक ठोका चुकला की उत्तरात चार चुकतात. नियमित नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेली चालते. अनियमित लागली तर पूर्ण मिनिट, आणि मग स्टेथोस्कोप छातीवर डाव्या बाजूला पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये ठेवून हृदयाचे ठोकेही मोजायचे. एकीनं छातीवर, दुसरीनं मनगटावर, एकाच वेळी, एकाच घड्याळावर. दोन आकड्यांत फरक निघाला, तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, आणि ही बातमी डॉक्टरांना लगेच सांगण्याची आहे.

बोटं पेशंटच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवायची, तर्जनी, मधलं आणि अनामिका. आपला अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. परीक्षेच्या दिवशी अंगठा लावणारी विद्यार्थिनी पेशंटची नाडी ११० सांगते. ती तिची स्वतःची असते.

तापात वेगळा गोंधळ. काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइटनं कमी येतं, म्हणून माप कुठलं ते लिहायचं. काख घामेजलेली असेल तर आधी टिपायची, पण खसाखसा पुसायची नाही, घासण्यानं कातडी गरम होते. थर्मामीटरचं टोक काखेच्या खोबणीत बरोबर मध्ये, हात छातीशी घट्ट. हे शेवटचं पेशंट अर्धा मिनिट पाळतो. मग शेजारच्या खाटेशी गप्पा सुरू होतात, गप्पांना हातवारे लागतात आणि थर्मामीटर चादरीवर पडून चादरीचा ताप मोजतो. तोंडात ठेवायचा असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटांत चहा झालाय का ते विचारायचं. झालेलाच असतो.

आणि 'आतला ताप' हा तर कुठल्याच थर्मामीटरला दिसत नाही. "सिस्टर, बाहेरून नाही लागत, आतून आहे. कणकण आहे." यावर हसायचं नाही. कणकण म्हणजे थंडी वाजायची सुरुवात असू शकते आणि खरा ताप अर्ध्या तासानं चढतो. 'पेशंट कणकण सांगतो' असं लिहून ठेवायचं आणि पुन्हा बघायचं.

आता श्वास, माझ्या रागाचा मुख्य विषय. याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त एक मिनिट आणि सेकंदकाटा लागतो. म्हणूनच तो कुणी मोजत नाही. मोजला तर असा: "काका, मी तुमचा श्वास मोजते हं." झालं! काका लगेच पाठ ताठ करतात, डोळे मिटतात आणि सकाळी टीव्हीवर बघितलेला प्राणायाम सुरू करतात. तेवढ्या मिनिटात श्वास येतो नऊ. माणूस हिमालयात साधनेला बसलाय असं वाटावं.

श्वास मोजतोय हे सांगायचंच नसतं. आमच्या धंद्यातली ही एकमेव अधिकृत लबाडी. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरून काढायची नाहीत. पेशंटचा हात अलगद त्याच्याच छातीवर आडवा ठेवायचा, आपला चेहरा नाडी मोजतानाचाच ठेवायचा आणि हात वर-खाली होताना मोजायचं. वर आणि खाली मिळून एक. पूर्ण मिनिट. शिवाय नुसता आकडा पुरत नाही: श्वास उथळ आहे का, गळ्याजवळचे स्नायू ओढले जाताहेत का, बोलताना वाक्य पूर्ण होतं की दोन शब्दांवर थांबतं.

मोठ्या माणसाचा श्वास बारा ते वीस असतो. वीस हा आकडा बरोब्बर कुंपणावर बसलेला असल्यामुळे सगळ्यांना सोयीचा. पण पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा श्वास आधी वाढतो, बीपी पडतं ते नंतर. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली पेशंटला गुण द्यायची पद्धत आणली, तिच्यात श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त झाला की त्या एका आकड्यालाच तीन गुण पडतात आणि तातडीनं कुणाला तरी बोलवावं लागतं. खिडकीजवळच्या आजोबांचा खरा श्वास मोजला तर तो बत्तीस भरेल. तक्त्यात वीस असल्यामुळे त्यांना शून्य गुण. ज्या परीक्षेत शून्य मिळवणारा पहिला येतो, तिथे आजोबा खोटे पहिले आलेले आहेत.

बीपी घेणं हा मात्र खरा कुस्तीचा फड. पहिला डाव यंत्र शोधण्याचा: ते कायम शेजारच्या वॉर्डात गेलेलं असतं आणि शेजारचा वॉर्ड ते तुमच्याकडेच आहे म्हणतो. सापडलं तर त्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो म्हातारं झालेलं. फुगा दाबत एकशेसाठपर्यंत आलं की 'चर्र' आवाज करून पट्टा उघडतो आणि पेशंट दचकतो. दचकल्यावर बीपी वाढतं.

दुसरा डाव बाहीशी. फुलबाही शर्ट, आत बनियन, वरून स्वेटर. बाही वर सरकवून तिची घट्ट वळी दंडावर बसवली तर ती स्वतःच आवळपट्टी होते. हात बाहीतून काढायला लावायचा, पडदा ओढायचा, घाई करायची नाही. ज्या हाताला सलाईन आहे, डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा जोड) केलाय किंवा ज्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन झालंय, तो हात सोडून द्यायचा. पट्ट्याच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे चाळीस टक्के आणि लांबी ऐंशी टक्के असावी. कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाला नेहमीचा पट्टा बांधला तर धडधाकट गडी बीपीचा पेशंट ठरतो, कारण पट्टा तोकडा पडला की आकडा चढतो. हडकुळ्या आजींना मोठा पट्टा बांधला तर उलटं.

पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, पायावर पाय नाही, लघवी तुंबलेली नाही, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला आणि तोंड बंद. असा माणूस पुस्तकातल्या चित्रात असतो. वॉर्डातली खाट उंच, त्यामुळे पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली स्टूल ओढायचं. आणि तोंड बंद ठेवणं तर अशक्यच. कानात स्टेथोस्कोप, पारा उतरतोय, पहिला ठोका, म्हणजे बीपीचा वरचा आकडा, आता येणार, तेवढ्यात: "किती आलं?" नुसत्या बोलण्यानंही वरचा आकडा दहाएक मिलिमीटर वाढू शकतो. तेव्हा 'किती आलं' या प्रश्नाचं खरं उत्तर 'तुम्ही विचारलंत म्हणून जास्त आलं' असं असतं.

स्टेथोस्कोपची कानातली टोकं नाकाच्या दिशेनं वळलेली हवीत. उलटी घातली की काही ऐकू येत नाही आणि १२०/८० चा जन्म होतो. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. आधी मनगटाची नाडी धरून फुगा दाबायचा, नाडी गेली की तो आकडा बघून हवा सोडायची. थोडं थांबून, त्या आकड्याच्या तीस वर चढवून, मग स्टेथोस्कोप लावायचा. ही पायरी सगळे खातात. काही पेशंटमध्ये, विशेषतः ज्यांचं बीपी वाढलेलं असतं त्यांच्यात, ठोके १९० ला सुरू होऊन मध्येच गायब होतात आणि १५० ला पुन्हा येतात. नाडी न बघता १६० पर्यंतच दाबलं तर १५० हाच पहिला ठोका वाटतो. चाळीस मिलिमीटरची चोरी, आणि ओरडा कुणाचाच नाही.

पारा सेकंदाला दोन ते तीन मिलिमीटरनं उतरवायचा. भसकन सोडला की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो. हे ठोके ऐकायची युक्ती निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदानं १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये मांडली. त्याच्या मागं नातेवाईक उभे नसावेत.

प्रश्न विचारून माहिती काढणं हे सोपं वाटतं. सुरुवातीलाच "तुम्ही पाटील ना?" असं विचारायचं नाही. वॉर्डात पाटील तीन असतात आणि ऐकायला कमी येणारे चौथेही 'हो' म्हणतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि ते मनगटावरच्या पट्टीशी आणि आयपीडी नंबराशी, म्हणजे भरतीच्या नंबराशी, ताडायचं. मग:

"आजी, बीपी आहे का?"

"नाही गं बाई."

"कसली गोळी चालू आहे?"

"बीपीची."

"मग बीपी आहे ना?"

"गोळी चालू आहे म्हणून नाही!"

आजींच्या तर्कात खोट काढून दाखवा. चूक प्रश्नाची आहे. 'काय आजार आहे' नव्हे, 'रोज कुठल्या गोळ्या घेता, पिशवी दाखवा' असं विचारायचं. व्यसनाचंही तेच. 'व्यसन नाही' म्हणणाऱ्या काकूंच्या उशाखाली मिश्रीची डबी असते. मिश्री दात घासायला असते, तिला व्यसन कोण म्हणेल? तेव्हा तंबाखू, मिश्री, विडी, दारू अशी नावं घेऊन विचारायचं, आणि चेहरा सासूसारखा करायचा नाही. 'ॲलर्जी' विचारली की मान हलते. 'कुठल्या गोळीनं अंगाला खाज सुटली होती का, पित्त उठलं होतं का' विचारलं की गोष्ट बाहेर पडते.

वेदना शून्य ते दहामध्ये सांगा म्हटलं तर उत्तर येतं पंधरा. ज्यांना दहाचं जमत नाही ते बिनचूक सांगतात, "काल्च्यापेक्षा आठ आणे कमी आहे." उत्तम माप आहे. तेच लिहा, शेजारी 'निम्मं' लिहा. कळ, ठणका, जळजळ, चमक, यातलं पेशंट जे म्हणेल तेही तसंच्या तसं उतरवा.

शुद्ध तपासताना 'आज तारीख काय' विचारून शेतकरी आजोबांना गोंधळलेले ठरवू नका. त्यांना तिथी सांगता येते. वार कोणता, गावचा बाजार कधी असतो, हे विचारा. तारीख तर नाइट ड्यूटी संपवून निघालेल्या सिस्टरलाही सांगता येत नाही.

पोटाचा क्रम तेवढा उलटा. इतर ठिकाणी बघणं, हातानं चाचपणं, बोटानं ठोकणं आणि शेवटी ऐकणं. पोटावर बघून झालं की आधी ऐकायचं, कारण चाचपलं की आतडी ढवळून आवाज बदलतात. आवाज नाहीत असं लिहायच्या आधी पूर्ण पाच मिनिटं कान लावायचा. त्या वेळात पंखा, जेवणाची ट्रॉली आणि कुणाच्या तरी मोबाइलवरची आरती यांतून आतड्याचा आवाज वेगळा काढायचा असतो. ठोकून बघण्याची कला ऑस्ट्रियातल्या लेओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरनं १७६१ साली पुस्तक लिहून मांडली. त्याचे वडील खाणावळवाले होते, आणि पिंप किती भरलंय ते ठोकून कळतं हे त्यानं घरीच बघितलं होतं, असं सांगतात. मनगटातून टिचकी मारायची, कोपरातून नव्हे. विद्यार्थी कोपरातून मारतात आणि पेशंट माझ्याकडे बघतो.

एवढं सगळं एका खाटेवर नीट पार पडलं की त्या खाटेशी बसलेल्या बाई उठून आपला हात पुढं करतात. "सिस्टर, जरा माझंपण बघा ना." त्यांच्या मागं जावई, जावयामागं डबा घेऊन नुकताच जिना चढून आलेला मुलगा. दाखल पेशंटला बीपी नको असतं, बघायला आलेल्या सगळ्यांना हवं असतं. मी मुलींना सांगते, घ्या, पण पाच मिनिटं बसवून घ्या. मुलगा बसत नाही. त्याला स्टँडवर लावलेली गाडी हलवायची असते, हात मात्र पुढं असतो. उभ्या-उभ्या घेतलं तर १७० येतं आणि तो घाबरतो. बसवून, एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दुसऱ्यांदा घेतलं तर १५६. तेही जास्तच. त्याला ओपीडीत केसपेपर काढायला सांगितलं जातं. तो "बरं" म्हणतो आणि केसपेपरची खिडकी किती वाजता बंद होते ते विचारून गाडी हलवायला जातो.